पाचवी खूण

१

स्क्रीनवर बैठकीसाठी तीन पर्याय होते: शनिवार सकाळ, रविवार सकाळ, सोमवार संध्याकाळ. समितीतल्या पाचही जणांनी हे तिन्ही पर्याय आधी फोनवर कबूल केले होते. तरी तिन्हींच्या खाली एकच आकडा दिसत होता. पाचपैकी चार.

"म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ही दुसरी फेरी होती. पहिल्या फेरीतही असंच झालं होतं. तेव्हा आम्ही म्हटलं, कुणाची तरी चूक झाली असेल. पण मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आहेत. एकाच जागी दुसऱ्यांदा बिघाड झाला की तिथे काहीतरी अडकलेलं असतं. किंवा कुणीतरी अडकवलेलं असतं.

ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. भिंतींना जाड फोम, दाराच्या कडेला रबर. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात. ती खोली माझ्या बायकोने सुरू केली आणि शेवटपर्यंत चालवली. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मी सगळ्यांचा भाऊजी. ती गेल्यावर समितीतली तिची जागा मला दिली. मी नको म्हणत होतो. समितीतले वकीलसाहेब म्हणाले, "भाऊजी, जागा रिकामी ठेवता येत नाही."

समितीला तिने एकच नियम घालून दिला होता. पाचही जण येणार असतील तरच बैठक. "जो येत नाही त्याच्याच विरुद्ध ठरतं," असं ती म्हणायची. हा नियम बदलायचा म्हटलं तरी त्यासाठी पाच जणांची बैठक लागत होती.

आणि आता विश्वस्तांचं पत्र आलं होतं. खोलीचं पुढे काय करायचं ते समितीने महिनाअखेरपर्यंत ठरवावं. न ठरवल्यास खोली ग्रंथालयाच्या ताब्यात जाईल.

मला ती बैठक लवकर हवी होती. कारण साधं होतं. खोली बंद करावी असं माझं मत होतं. तिच्याशिवाय ती खोली चालू राहिलेली मला बघवणार नव्हती. रीतसर ठराव करावा, तिची खुर्ची आणि हेडफोन घरी आणावेत, कुलूप लावावं. मग कुणी मला त्याबद्दल काही विचारू नये.

पण पाचवी खूण येत नव्हती.

२

ती असताना बैठक लागायला कधी अडचण आली नाही. तिच्या डोक्यात सगळ्यांचे आठवडे होते. वकीलसाहेबांना कोर्ट कधी असतं, हेडसर मुलीकडे कधी जातात, ऑपरेटरची ड्यूटी कधी बदलते, सगळं तिला पाठ. चहा पिता पिता चार फोन करायची आणि कप खाली ठेवेपर्यंत बैठक ठरलेली असायची. मला वाटायचं, ह्यात काय एवढं. ती गेल्यावर कळलं.

ती गेल्यावर ईमेल सुरू झाले. तिचा फोन मी चार्ज करून ठेवत होतो आणि दिवसभर त्याची टुंग टुंग चालायची. "शनिवार चालेल का?" "कोणता शनिवार?" "येणारा." "येणारा म्हणजे परवाचा की पुढचा?" वकीलसाहेबांचं उत्तर आलं तोवर तो शनिवार होऊन गेला होता. त्यांनी लिहिलं होतं, "मला मान्य आहे."

सगळ्यात जास्त हाल ऑपरेटरचे. ती एका हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम करते, म्हणून तिचं नावच ऑपरेटर पडलं. जन्मापासून तिला दिसत नाही. आमच्या खोलीत रेकॉर्ड झालेलं प्रत्येक पुस्तक आधी ती ऐकते आणि चुका काढते. तिचा कॉम्प्युटर तिला ईमेल वाचून दाखवतो.

"भाऊजी, प्रत्येक उत्तराच्या खाली आधीची सगळी उत्तरं चिकटून येतात," ती मला म्हणाली. "मारुतीचं शेपूट बरं. एका 'हो'साठी माझी जेवणाची सुट्टी संपते."

मग ग्रंथपालबाईंनी मनावर घेतलं. गटाच्या बैठकीची वेळ ठरवून देणारी सॉफ्टवेअर असतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्या एकेक तपासत बसल्या. एकात सगळ्यांनी आधी खातं उघडायचं होतं. हेडसर तिथेच अडकले असते. दुसऱ्यात प्रत्येकाने आपलं कॅलेंडर दाखवायचं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "माझे अशील मला कधी भेटतात हे मी गावभर सांगू?" तिसरं चांगलं होतं, पण ऑपरेटरच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला ते वाचता येईना. बाईंनी ते तिथल्या तिथे सोडलं. "पाचातल्या एकीला चालत नाही म्हणजे ते आपल्याला चालत नाही," म्हणाल्या.

शेवटी एक सापडलं. एक लिंक पाठवायची. ती उघडली की दिवसांचे चौकोन दिसतात. एकदा दाबलं की हिरवी खूण, म्हणजे जमेल. पुन्हा दाबलं की पिवळी, म्हणजे नक्की नाही, ओढूनताणून जमवीन. तिसऱ्यांदा दाबलं की चौकोन कोरा. खाली फक्त हिरव्यांची बेरीज. बाईंनी हे सगळं सूचनांच्या ईमेलमध्ये लिहून पाठवलं. कुणी काय दाबलं ते मात्र कुणालाच दिसत नव्हतं. ही वकीलसाहेबांची अट. "नावं दिसली की लोक एकमेकांचं बघून खुणा करतात."

मला ते मनापासून आवडलं. कामाची वस्तू बनवणाऱ्याने आपल्या अडचणीचा विचार केलेला असला की ते हाताला कळतं. इतक्या ईमेलनी जे झालं नव्हतं, ते एका बोटाने होणार होतं.

झालं मात्र नाही.

३

"कोण असेल गं?" मी ऑपरेटरला विचारलं.

"तुम्ही असाल. तुम्हाला का सोडायचं?"

"मी हिरवं केलंय."

"सगळे तेच म्हणतात. मीही तेच म्हणते." ती हसली. "चला, एकेकाला भेटू. वाचणारा कुठे घसरला ते शोधणं हे माझं कामच आहे. तुम्ही रस्ता दाखवा आणि मध्ये बोलू नका."

माझा संशय वकीलसाहेबांवर होता. नावं लपवायची अट त्यांची. आणि माणूस असा की नमस्कारसुद्धा अटी घालून करेल.

त्यांच्या ऑफिसात फायलींच्या मधून वाट काढत आम्ही बसलो.

"उलटतपासणीला आलात?" ते म्हणाले. "मी तिन्ही पर्यायांना हो म्हटलंय. सोमवारचं एक काम त्यासाठी पुढे ढकललं. विचारा माझ्या कारकुनाला."

"खोलीबद्दल तुमचं मत काय?" ऑपरेटरने विचारलं.

"भाऊजी म्हणतील ते. बंद म्हणाले तर बंद. त्यांचा तेवढा हक्क आहे."

जिना उतरताना मी म्हणालो, "हा माणूस सरळ नाही."

"सरळ बोलला की. तुम्हाला आवडत नाही, ते वेगळं."

हेडसर त्यांच्या घराजवळच्या बागेत बाकावर बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरचा माणूस उशिरा आलाय अशाच नजरेने ते बघतात.

"मी खुणा केल्या आहेत. ग्रंथालयात जाऊन, व्यवस्थित. घरी मी कॉम्प्युटर ठेवत नाही. बाई शेजारी बसलेल्या असतात, अडलं तर सांगतात. अजून अडलेलं नाही."

"ताईंचा तुम्हाला राग होता का, सर?"

"होता," हेडसर म्हणाले. "तिने मला एकच पान तीनदा वाचायला लावलं होतं. मला! जन्मभर वर्गात वाचलेल्या माणसाला!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिसऱ्यांदा चांगलं झालं, हे मात्र खरं. खोलीचं म्हणाल तर भाऊजींच्या मनाप्रमाणे होऊ द्या."

शेवटी आम्ही ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्या परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होत्या.

"मला काय विचारता? मीच तर हे शोधून आणलं."

"बैठक झाली तर खोलीचं काय होईल असं वाटतं तुम्हाला?" ऑपरेटरने विचारलं.

बाईंनी हातातलं पुस्तक कपाटात सरकवलं. "ते भाऊजींना माहीत," एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काहीच हाती लागलं नाही."

"लागलं असेल," ऑपरेटर म्हणाली. "उद्या हेडसरांना आपल्या खोलीत बोलवा. मला त्यांना खुणा करताना ऐकायचंय."

४

मी थोडा लवकर पोचलो. ती गेल्यापासून त्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. ऑपरेटर काम करत होती. तिने हेडफोन काढला होता आणि आवाज खोलीत येत होता.

माझ्या बायकोचा आवाज.

ती एका समुद्रप्रवासाचं पुस्तक वाचत होती. एका लांब वाक्यात तिची जीभ अडखळली. ती म्हणाली, "छ्या! परत घेते." आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचलं.

तो "छ्या" मी स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकला होता. दूध उतू गेलं की, चावी सापडली नाही की. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो.

ऑपरेटरने आवाज थांबवला. "आलात का? सांगायचं तरी. हे त्यांचं शेवटचं पुस्तक. अजून बराच भाग ऐकायचा राहिलाय. मी मुद्दाम हळू ऐकत नाहीये, पण घाईही करत नाहीये."

"अजून चुका काढतेस तिच्या?"

"मग! त्यांनी मला तेवढ्यासाठीच आणलं होतं. म्हणाल्या, सगळे माझं कौतुक करतात, तू माझ्या चुका काढ." ती बटण चाचपत म्हणाली, "ताईंची चूक काढायला मला अजून आवडतं, भाऊजी."

तेवढ्यात दारावर टक-टक झाली आणि हेडसर आत आले.

ऑपरेटरने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाईंची लिंक उघडलेली होती. "सर, तुम्ही नेहमी करता तसंच करून दाखवा."

हेडसरांनी चष्मा सावरला, माऊस धरला आणि शनिवारच्या चौकोनावर दाबलं. टक-टक. रविवारवर दाबलं. टक-टक.

"थांबा," ऑपरेटर म्हणाली. "दोनदा का दाबता?"

"दोनदाच दाबतात. मला कॉम्प्युटर शिकवला त्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं, दोनदा दाबलं की उघडतं."

"भाऊजी, चौकोनाचा रंग कोणता?"

मी वाकून बघितलं. "पिवळा."

"पिवळाच असायला हवा," हेडसर ठामपणे म्हणाले. "महत्त्वाच्या ओळीवर मी कायम पिवळी खूण करत आलो आहे."

"अहो सर, माझा प्रोग्रॅम मला रंग सांगत नाही, शब्द सांगतो. पिवळ्याला तो म्हणतो, 'नक्की नाही'. ती खूण बेरजेत धरतच नाहीत. सूचनांमध्ये लिहिलंय."

"सूचना मी वाचत नाही," हेडसर म्हणाले. "मी सूचना देतो."

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला, आणि मग ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसलो. त्या खोलीत मी हसेन असं मला वाटलं नव्हतं.

५

बाईंना आम्ही लगेच जाऊन सांगितलं. त्या "असं होय!" म्हणाल्या आणि त्याच दुपारी तिसरी फेरी सुरू केली. मी ऑपरेटरसमोर खुणा केल्या. ऑपरेटरने माझ्यासमोर केल्या. हेडसरांनी आमच्या दोघांच्या मध्ये बसून, एकेक चौकोन, एकेकदाच दाबला. तिन्ही खुणा हिरव्या झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली. वकीलसाहेबांचा फोन आला की त्यांचंही झालं. बाई म्हणाल्या, त्यांचंही झालं.

संध्याकाळी मी स्क्रीन उघडली.

तिन्हींच्या खाली तोच आकडा होता. पाचपैकी चार.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हॉस्पिटलच्या आवारात ऑपरेटरला गाठलं.

"आता वकीलच," मी म्हणालो. "आपण तिघांनी एकमेकांसमोर खुणा केल्या. उरले दोन. बाईंनी तर हे सगळं उभं केलं."

ती डबा खात होती. "भाऊजी, बेरीज करा. पहिल्या दोन फेऱ्यांत हेडसरांची खूण पिवळी होती. धरलीच जात नव्हती. तरी चार आले. म्हणजे काय?"

"बाकीचे चौघं हिरवे."

"बरोबर. म्हणजे ज्याला बैठक नको आहे, त्यानेही तेव्हा हो म्हटलं होतं. का म्हणेल तो हो?"

मी बोटांवर पुन्हा बेरीज केली.

"तुमच्या लिफ्टचं बघा. लिफ्ट येऊ नये असं तुम्हाला वाटतंय. आणि वरच्या मजल्यावर दार उघडं राहिलंय हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तर तुम्ही काय कराल?"

"काहीच नाही. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. चारचौघांसमोर मीच बटण दाबेन."

"तसंच झालं. त्या माणसाला माहीत होतं की हेडसरांची खूण मोजली जात नाहीये, पाच कधी होणारच नाहीत. म्हणून तो खुशाल हो म्हणत राहिला. काल आपण ते दार लावलं, आणि त्याला पहिल्यांदा स्वतःची खूण काढून घ्यावी लागली. वकीलसाहेबांना हेडसरांची खोड माहीत असायचं काही कारण नाही. त्यांना अडवायचं असतं तर त्यांनी पहिल्याच फेरीत नाही म्हटलं असतं. मग आकडा तीन आला असता."

"पण मग ही खोड माहीत कुणाला..." बोलता बोलता मी थांबलो.

हेडसर घरी कॉम्प्युटर ठेवत नाहीत.

"शेजारी बसलेल्या माणसाला," ऑपरेटर म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

दोन दिवस आम्ही तेच ऐकत होतो. मी प्रत्येकाचा चेहरा बघत बसलो आणि हिने आकडे ऐकले.

"वकिलांचं मन कालच बदललं असेल तर?" मी विचारलं. मला अजून बाईंचं नाव पटत नव्हतं.

"असू शकतं. म्हणून विचारायला जायचं. आरोप करायला नाही."

७

बाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी ग्रंथालयाचं दार लोटून घेतलं आणि आमच्यासमोर बसल्या.

"पहिल्या फेरीत मी काहीच केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सर माझ्या शेजारी बसून पिवळं करत होते. मी सांगणारच होते. मग वाटलं, नको. मी फक्त बोलले नाही. काल मात्र केलं."

"का पण?" मी विचारलं. "हे सगळं तुम्हीच शोधून आणलंत."

"आणलं तेव्हा मलाही बैठक हवी होती. मग तुम्ही हेडसरांना म्हणालात, ती खोली बंद करा. ते हो म्हणाले. वकील हो म्हणाले. तीन मतं झाली, भाऊजी. बैठक म्हणजे कुलूप. बैठक झाली नाही तर खोली ग्रंथालयाकडे येते, म्हणजे माझ्याकडे. मी कुलूप लावणार नव्हते." त्यांनी चष्मा पुसला. "ताईंच्या मागे वाचायला शिकायला आलेली पाच-सहा माणसं आहेत. मी त्यांना रोज सांगते, थोडं थांबा. ऐकणारे फोन करतात, पुढचं पुस्तक कधी? त्यांनाही तेच सांगते. तुमच्या तोंडावर हे बोलायचं धाडस झालं नाही. तुमचं दुःख मोठं. त्यापुढे मी खोलीचं काय घेऊन बसू?"

"मला तरी सांगायचं," ऑपरेटर म्हणाली.

"तू खोटं चालवून घेतलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढी साधी बाई, आवाज न चढवणारी. तिने तीन पुरुषांची मतं नुसती गप्प राहून अडवून धरली होती. माझ्या बायकोचं काम वाचवायला ती माझ्या बायकोच्याच नियमाच्या आड उभी राहिली होती.

"बाई, चौथी फेरी सुरू करा," मी म्हणालो. "आणि ह्या वेळी हिरवं करा."

"तुमचं मत काय ते आधी सांगा."

"ते बैठकीत. पाच जणांसमोर."

त्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग बाईंनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला.

८

शनिवारी पाचही खुर्च्या भरल्या. सुरुवातीलाच बाईंनी उभं राहून आपण काय केलं ते सांगितलं. हेडसर म्हणाले, "म्हणजे माझी चूक तुम्हाला ठाऊक होती आणि तुम्ही ती सुधारली नाहीत? शिक्षिका झाला नाहीत ते बरं." वकीलसाहेब पेनाचं टोपण काढघाल करत होते.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला भाषण येत नाही. मी म्हणालो, "मी बंद करा म्हणालो होतो. मला वाटलं होतं, आता तिथे काही उरलं नाही. ते चुकीचं होतं. तिचं पुस्तक अजून ऐकून व्हायचंय आणि दाराशी वाचणारे थांबलेत. मला तिथे बसवत नाही, हा माझा प्रश्न आहे. खोलीचा नाही. चालू ठेवा."



"म्हणजे बंद करण्याचा प्रस्ताव मागे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"प्रस्ताव लेखी होता का?"

"नव्हता."

"मग मागे काय घ्यायचं?"

वकीलसाहेब पहिल्यांदा हसले. पाच हात वर झाले. ताईंच्या जागी खोलीचं प्रमुख कोण, हे मात्र अजून ठरायचं होतं. हेडसरांना आपलं नाव निघेल असं वाटत असावं, ते ताठ बसले होते. पण बोलले वकीलसाहेब.

"जी बाई एकटी बैठक थांबवू शकते, ती चालवूही शकते. मी ग्रंथपालबाईंचं नाव सुचवतो."

"माझं अनुमोदन," ऑपरेटर म्हणाली. "मात्र ह्यांच्याही चुका मी काढणार."

हेडसरांनी थोडा विचार केला आणि हात वर केला. मी माझा आधीच केला होता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला ते दिसू नये म्हणून त्यांनी लगेच कामाची वाटणी सुरू केली. वाचणाऱ्यांना कोण शिकवणार, मशीनकडे कोण बघणार. "आणि बैठकांच्या वेळा?" त्यांनी विचारलं. "ते काम ताई करायच्या."

"मी करतो," मी म्हणालो.

"भाऊजी, जमेल?" ऑपरेटरने विचारलं. "आमचे आठवडे सरळ नसतात."

"सगळ्यांचे आठवडे डोक्यात ठेवणं मला जमणार नाही. ते तिलाच जमायचं. मला ती लिंक पाठवता येईल."

घरी आलो. जेवून घेतलं. मग कॉम्प्युटर उघडून पुढच्या महिन्याचे दिवस भरले, चौघांना लिंक पाठवली आणि पहिली खूण माझी केली. खाली आकडा आला, पाचपैकी एक. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि बाकीचे यायची वाट बघत बसलो.